पोळपाटाचाही जमाखर्च असतो



अकोल्याच्या एका काकूंचं चार पानी पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं आहे, म्हणून नाव सांगत नाही. पण प्रश्न इतका महत्त्वाचा आहे, की आजचं सगळं पान त्यालाच देते.

काकूंची लेक एम.कॉम. झाली, पुण्याला एका वित्त कंपनीत लागली. लग्नानंतर इंग्लंडला गेली आणि तिथंही त्याच कामात राहिली. लोकांचे कर्जाचे अर्ज तपासायचे, हा माणूस पैसे फेडील की बुडवील ते कागदांवरून ओळखायचं. इथली पाच आणि तिथली सहा, अशी अकरा वर्षं तिनं हे काम केलं. आता ती म्हणते, नोकरी सोडते आणि इथंच स्वयंपाकाची शाळा काढते. आपलं वऱ्हाडी जेवण शिकवते.

हे कळल्यावर शेजारच्या बाईंनी काकूंना तोंडावर विचारलं, "पोया लाटाच्याच होत्या, त मंग एम.कॉम. कायले केलं?" काकूंना त्या रात्री झोप आली नाही. त्या मला विचारतात, "तिला समजावू, की आशीर्वाद देऊन मोकळी होऊ?"

काकू, इतक्यात दोन्ही करू नका. तुमच्या पत्रात दोन भीती एकमेकींत मिसळल्या आहेत. एक लोकांची, दुसरी पैशाची. तांदळातले खडे वेचतो तशा त्या आधी वेगळ्या करू या.

लोकांची भीती आधी घेऊ. परदेशात जाऊन स्वयंपाकाच्या जोरावर उभी राहिलेली बाई शोधायला आपल्याला फार लांब जायला नको. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या राधाबाई बनारसे. लंडनची मराठी माणसं त्यांना आजीबाई म्हणत. अक्षरओळख नाही, पदरात पाच मुली आणि वैधव्य. लंडनला राहणाऱ्या बनाऱशांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि १९४०च्या दशकात त्या तिकडे गेल्या. पुढे हे पतीही वारले. परका देश, परकी भाषा. हाताशी होता तो फक्त स्वयंपाक. आजीबाईंनी आपल्याकडून गेलेल्या मंडळींसाठी खाणावळ चालवली आणि त्या मिळकतीतून लंडनसारख्या शहरात स्वतःची घरं घेतली. सरोजिनी वैद्य यांनी त्यांचं चरित्र लिहिलं आहे, वाचनालयात मिळालं तर जरूर वाचा. शेजारच्या बाईंनाही वाचायला द्या!

आता तुम्ही म्हणाल, आजीबाईंचं वेगळं. त्यांच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता, माझी लेक तर चांगली खुर्ची सोडून निघाली आहे. खरं आहे. मग खुर्ची सोडलेल्यांचं बघू. अमेरिकेच्या ज्युलिया चाइल्ड दुसऱ्या महायुद्धात श्रीलंकेत, कँडीला, अमेरिकन गुप्तवार्ता खात्याच्या दप्तरात कागदपत्रांची नोंद सांभाळत होत्या. पुढे नवऱ्याची बदली पॅरिसला झाली. तिथं १९४९ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्यांनी पाकशाळेत नाव घातलं. थोड्याच वर्षांत दोन फ्रेंच मैत्रिणींना घेऊन पॅरिसमधल्या स्वतःच्याच स्वयंपाकघरात वर्ग सुरू केले. १९६१ साली तिघींचं पुस्तक निघालं आणि अमेरिकेतल्या घरोघरी गेलं. म्हणजे दप्तर सोडून परमुलखात पाकशाळा काढणारी तुमची लेक काही पहिली नाही.

आपल्यातही आहेत. नागपूरच्या जयंती कठाळे संगणक क्षेत्रातली नोकरी सोडून बंगळूरला मराठी जेवणाच्या व्यवसायात उतरल्या. पत्रकार असलेल्या कौमुदी मराठे अमेरिकेत लॉस एंजेलिसला भारतीय स्वयंपाक शिकवू लागल्या. मराठी स्वयंपाकावरचं त्यांचं मोठं इंग्रजी पुस्तक २००९ साली निघालं. यांतल्या कुणाचं शिक्षण वाया गेलं असं आपण म्हणू का? तेव्हा लोकांचा खडा वेचून टाका, काकू.

पैशाचा खडा मात्र टाकता येणार नाही, तो नीट निरखून बघावा लागेल. आणि इथं तुमच्या लेकीची अकरा वर्षं कामाला येतील. तिला एवढंच सांगा, "बाई गं, हाच अर्ज एखाद्या परक्या बाईनं तुझ्या टेबलावर ठेवला असता, तर तू काय काय विचारलं असतंस? ते सगळं स्वतःला विचार आणि उत्तरं कागदावर लिही."

पहिला प्रश्न व्हिसाचा. तिचं तिथलं राहणं कुणाच्या नोकरीवर आहे? तिच्या स्वतःच्या नोकरीवर असेल, तर नोकरी सुटली की राहण्याचा परवानाच धोक्यात येतो. जावईबापूंच्या नोकरीवर असेल, तर ती मोकळी आहे. याची खात्री तिथल्या वकिलाकडून करून घ्यावी, मैत्रिणीच्या सांगण्यावर राहू नये.

दुसरा म्हातारपणाचा. इंग्लंडात सरकारी पेन्शनसाठी साधारणपणे किमान १० वर्षांची नोंद लागते. तिची सहा झाली आहेत. स्वतःच्या धंद्यातही ही नोंद चालू ठेवता येते, पण नफा अगदी थोडा असेल तर हप्ता आपण होऊन भरावा लागतो. धंद्याच्या गडबडीत हेच राहून जातं.

तिसरा प्रश्न कमाईचा. समजा, शनिवारी एक वर्ग घेतला. आठ जणी आल्या, प्रत्येकीचे ३५ पौंड. जमा २८०. जागेचं भाडं ६०, सामान ५०, विमा-जाहिरात-जाणंयेणं मिळून ३०. खर्च १४०, उरले १४०. ऐकायला बरं वाटतं. आता तास मोजा. बाजारहाट ३ तास, निवडणं-भिजवणं-वाटणं ४, प्रत्यक्ष वर्ग ३, भांडी आणि आवराआवर २. झाले १२ तास. म्हणजे तासाला साडेअकरा पौंडांच्या आसपास. आणि एप्रिल २०२५ पासून तिथं कायद्यानं मोठ्या नोकरमाणसाला द्यायची कमीत कमी मजुरी होती तासाला १२ पौंड २१ पेन्स! बाई शाळेची मालकीण, आणि कमाई मजुरीहून कमी. हाच वर्ग १२ जणींचा केला आणि सामानाला ७५ धरले, तर २५५ उरतात. तास फार तर एखादा वाढतो. म्हणजे तासाला १९ पौंडांच्या वर. आकडे माझे समजुतीचे आहेत, खरे तिनं घालावेत. पण त्यात आपले तास धरायला विसरू नये. आपण बायका दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घेतो तेव्हा बेसन, तूप, साखर, गॅस सगळं धरतो आणि आपल्या हातांचे मात्र शून्य लिहितो. ही सवय इथं अमरावतीत महाग पडते, तिथं तर दिवाळंच काढील.

म्हणून एकदम मोठी जागा घेऊन पाटी लावू नये. लंडनमध्ये २०१० साली दोन मराठी मित्रांनी वडापाव विकायला सुरुवात केली. त्यांतल्या एकाची हॉटेलातली नोकरी मंदीत गेली होती. तरी त्यांनी दुकान थाटलं नाही. एका आइस्क्रीमच्या दुकानातला कोपरा भाड्यानं घेतला. धंदा जमला तसा वाढवला. तुमच्या लेकीनंही व्हिसा आणि कंपनीचे नियम परवानगी देत असतील, तर सहा महिने नोकरी ठेवून शनिवारचेच वर्ग घ्यावेत. पहिल्या वर्गाला ओळखीच्या येतातच. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात अनोळखी किती येतात, ते खरं उत्तर.

आता शिकवण्याचं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे एक सांगू शकते. येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं. आपल्याला पातोडीचा रस्सा डोळे मिटून येतो. पण बेसनात पाणी किती, असं विचारलं की आपण म्हणतो, "लागेल तसं." शिकणारीला तेच तर कळत नसतं! कमलाबाई ओगले यांचं शिक्षण बेताचं, पण १९७० साली आलेली त्यांची 'रुचिरा' हजारो नव्या नवऱ्यांना सासूसारखी उपयोगी पडली, ती वाटी-चमच्याच्या मापामुळे. परदेशात आपली वाटीही चालायची नाही. तिथं ग्रॅम आणि मिलिलिटर लागतील. फोडणी 'तडतडली' म्हणजे काय, पीठ 'आटलं' म्हणजे कसं दिसतं, हे शब्दांत सांगावं लागेल. एक पदार्थ किमान चार वेळा मोजून करावा आणि एकदा तरी ज्याला स्वयंपाक मुळीच येत नाही अशाकडून करवून घ्यावा. तो जिथं अडेल तिथं आपलं शिकवणं कमी पडलं असं समजावं.

एक गोष्ट जिवाशी खेळणारी आहे, म्हणून ठळक सांगते. काही माणसांना ठरावीक पदार्थ खाल्ल्यानं अंगावर गांधी येतात, घसा सुजतो, कधी प्राणही जातात. इंग्लंडच्या कायद्यात अशा १४ पदार्थांची यादी आहे. त्यात शेंगदाणे आहेत, तीळ आहेत, मोहरी आहे, दूध आणि गहूही आहेत. आता आपल्या स्वयंपाकाकडे बघा! भाजीत दाण्याचं कूट, चटणीत तीळ, फोडणीत मोहरी. बाजारच्या हिंगातही पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं. तेव्हा नाव नोंदवतानाच प्रत्येकीला विचारून लिहून घ्यायचं आणि तेवढा पदार्थ त्या दिवशी वर्गातच आणायचा नाही. शिवाय खाण्यापिण्याचा व्यवसाय सुरू करण्याच्या निदान २८ दिवस आधी तिथल्या नगरपालिकेत नोंद करावी लागते. त्याला फी नाही, पण टाळून चालत नाही.

यातच एक चांगली बाजूही आहे. ज्यांना गव्हातला चिकटपणा पचत नाही, त्यांना आपली ज्वारीची भाकर चालते, कारण ज्वारीत तो नसतोच. म्हणून तर भाकरीचं पीठ उकळत्या पाण्यात भिजवून मळावं लागतं. आपण ज्याला गरिबाचं जेवण म्हणतो, ते अशांच्या उपयोगाचं आहे. मात्र काकू, तुम्ही इथल्या गिरणीतून दळून पाठवलेलं पीठ त्या वर्गात चालायचं नाही. गिरणीत आधीच्या घाण्याचे गहू राहिलेले असतात. बंद पुड्यातलं, तशी हमी छापलेलं पीठच घ्यावं.

हे सगळं लिहून झाल्यावर हिशेब जमला नाही, तर? तर तिनं नोकरी ठेवावी आणि शनिवारी हौसेनं शिकवावं. त्यातही कमीपणा काही नाही. आणि हिशेब जमला, एका वर्षाचा घरखर्च बाजूला पडला, जावईबापूंची मनापासून संमती असली, तर तिला अडवू नका.

आणि तुमच्यासाठी एक काम. उद्या बाजारातून एक लहान वजनकाटा आणा. पातोडी, गोळाभात, रोडगे, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, जे जे तुमच्या हातचं लेकीला आवडतं, ते करताना मीठ-तिखटासकट सगळं मोजा आणि वहीत लिहा. एका पानावर एकच पदार्थ. शेवटी वेळ किती लागला तेही टिपा. ती वही लेकीला पाठवा. शाळा निघो न निघो, घरात राहीलच. तुमच्याआधी तुमच्या आईनं असं काही लिहून ठेवलं होतं का हो? बहुतेक नसेल. आपल्यापैकी किती जणींच्या आयांनी ठेवलं?