मशीनच्या शेकाआधी जेल कशाला?

खांदा आखडला किंवा टाच दुखू लागली की फिजिओथेरपिस्ट कधीकधी अल्ट्रासाउंडचा शेक देतात. आधी त्वचेवर थंडगार जेल लावतात आणि मग मशीनचं गोल हेड त्यावरून फिरवतात. हे जेल म्हणजे दुखण्यावरचं औषध, असं अनेकांना वाटतं. मग घरी मशीन आणलं आणि जेल संपलं, की खोबरेल तेल नाहीतर बाम लावून काम भागवलं जातं. तसं करण्याआधी जेलचं खरं काम समजून घ्या.

मशीनमधून आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी निघतात. वरवरच्या दुखण्यासाठी सहसा 3 मेगाहर्ट्झच्या, तर खोलवरच्या स्नायूंसाठी 1 मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. पाण्यातून आणि स्नायूंतून त्या सहज जातात; पण मध्ये हवा आली की जवळपास सगळ्या मागे फिरतात. हवेचा अगदी पातळ थरही त्यांना अडवतो. जेल ही हवा हटवतं. त्यात बहुतेक पाणीच असतं, फक्त ओघळू नये म्हणून ते घट्ट केलेलं असतं.

मग दुसरं काय चालतं?

पाणी: बोटं, घोटा अशा उंचसखल भागांवर हेड नीट टेकत नाही. तेव्हा तो भाग पाण्यात बुडवून शेक देतात. त्यासाठी उकळून गार केलेलं पाणी बरं, कारण त्यात बुडबुडे कमी होतात. हे काम तज्ज्ञांचंच. घरी करू नका. प्रत्येक मशीनचं हेड पाण्यात चालत नाही.

तेल: खनिज तेलातून लहरी चांगल्या जातात. पण तेल ओघळतं, त्याचा थर टिकत नाही आणि मध्ये हवा शिरते.

मलम आणि बाम: इथे फसगत होते. अमेरिकेत 1992 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही मलमांतून लहरी जवळपास पाण्याइतक्याच गेल्या, तर हायड्रोकॉर्टिसोन मिसळलेल्या घट्ट पांढऱ्या मलमांतून अजिबात गेल्या नाहीत. नुसतं बघून हा फरक कळत नाही. शिवाय बामाने त्वचेची आग होऊ शकते, ते वेगळंच.

म्हणून अल्ट्रासाउंडचंच जेल वापरा आणि ते हात आखडता न घेता लावा. हेड एका जागी थांबवू नका. हलकी ऊब जाणवणं ठीक आहे. चटका बसला किंवा आतून कळ आली, तर लगेच थांबा. गरोदरपण, पेसमेकर, कर्करोग किंवा पायात रक्ताची गुठळी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा शेक घेऊच नका.

आणि शेक झाला म्हणून शिकवलेले व्यायाम सोडू नका. दुखणाऱ्या सांध्याची हालचाल आणि ताकद परत आणायची, तर मुख्य भर व्यायामावरच हवा.