'उन्हाळ्यात वितळणार नाही ना?' – मेणाच्या चित्रांचा धंदा इथून सुरू होतो



हातात कला आहे, पण तिचा धंदा होईल का, असं विचारणाऱ्यांत हल्ली मेणाची चित्रं करणारेही भेटतात. एनकॉस्टिक म्हणतात या प्रकाराला. मधमाशीचं मेण आणि डॅमर राळ एकत्र वितळवायची, रंग घालायचा, लाकडी फळीवर थरावर थर द्यायचे आणि प्रत्येक थर हीट गनने खालच्या थराशी एकजीव करायचा. मग खरवडा, कोरा, वाळलेलं पान आत दाबा. झाडाची साल, कातळावरचं शेवाळ, पावसातली लाल माती यांचा पोत मेणात असा उठतो की बघणारा हात लावल्याशिवाय राहत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. हा माल विकला जाऊ शकतो. पण बहुतेकजण लोगो आणि रील यांतच अडकतात आणि गिऱ्हाईकाने पहिला प्रश्न विचारला की गडबडतात. "मे महिन्यात हे वितळणार नाही ना?"

फोटोफ्रेमच्या दुकानात बसतो म्हणून सांगतो, भिंतीवर टांगायच्या वस्तूसाठी माणूस खिशात हात घालतो तो टिकेल याची खात्री पटल्यावरच. 'नाही हो, काही होत नाही' एवढ्यावर पटत नाही. आकडा सांगा. मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, राळेमुळे आणखी कडक होतं. चंद्रपूरचा पारा ४६-४७ वर गेला तरी घरातल्या भिंतीवरून चित्र ओघळणार नाही. इजिप्तमधल्या फायुमची मेणात रंगवलेली व्यक्तिचित्रं जवळपास दोन हजार वर्षांची आहेत. अमेरिकेच्या जॅस्पर जॉन्सने १९५४-५५ मध्ये मेणातच केलेला 'फ्लॅग' आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.

पण पुढचं अर्धं वाक्यही बोला. वितळण्याच्या बऱ्याच आधी मेण मऊ पडतं. खिडकीतून थेट ऊन येतं त्या भिंतीवर चित्र लावू नका, उन्हात उभ्या बंद गाडीत ठेवू नका. थंडीत वर पांढुरकी झाक येते, ती मऊ सुती कापडाने हलकेच पुसली की जाते. हे आधी सांगितलं नाही तर डिसेंबरात फोन येणार, 'चित्राला बुरशी आली!' मी तर म्हणतो, चित्राच्या मागे चार ओळींचं लेबलच चिकटवा.

स्वस्तात पडतं म्हणून मेणबत्तीचं पॅराफिन वापरून त्याला मधमाशीचं मेण म्हणणाऱ्यांना मी कलाकार मानत नाही आणि दुकानदारही मानत नाही. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. अशा भागातल्या मधपाळांकडे मेणाची चौकशी करा. मेण कुठलं, हे नावानिशी सांगता आलं की गिऱ्हाईक जरा जास्त वेळ थांबतं.

आता भाव. समजा एका फळीला साहित्य ६०० रुपयांचं लागलं आणि तुमचे दहा तास गेले. तासाला १५० धरले तरी १,५०० झाले. वीज, वाया गेलेलं मेण, पॅकिंग यांचे ३०० घाला. २,४०० ही तुमची किंमत नव्हे, हा खर्च आहे. नफा याच्यावर. आणि एक्झॉस्ट फॅन भांडवलात धराच. मेण ९०-९५ अंशांच्या वर तापलं की धूर घातक होतो, त्यामुळे बंद खोलीत हे काम नकोच.

एप्रिल-मेमध्ये कुरिअर करू नका. गोडाऊन आणि टेम्पोच्या पत्र्याखाली काय होईल यावर तुमचा ताबा नसतो. ऑर्डर घ्या, ॲडव्हान्स घ्या, निवांत चित्र करा आणि पाऊस पडून हवा गार झाली की पाठवा. तेव्हाही फळीला मागून प्लास्टिक हवंच. मेणाला पाणी लागून फरक पडत नाही, लाकूड मात्र फुगतं.