शिक्का डॉक्टरचा, परात आपली



बकरी ईद जवळ आली की नगरपालिकेची सूचना निघते. नेमून दिलेल्या जागीच कुर्बानी करा, परवानगी घ्या, जनावर तपासून घ्या. मग मोहल्ल्यात दोन गट पडतात. एक म्हणतो, दीनचं काम आहे, आपल्या अंगणात केलं तर कुणाचं काय बिघडलं? दुसरा म्हणतो, गप्प बसा, उगाच भानगड नको. कायद्यात नेमकं काय आहे, ते बहुधा दोघांनीही वाचलेलं नसतं.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम २८ प्रमाणे एखाद्या समाजाच्या धर्माला आवश्यक असलेल्या पद्धतीने जनावर कापणं हा त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही. आपली मंडळी हे कलम ढालीसारखं पुढे करतात. पण ते पद्धतीबद्दल बोलतं, जागेबद्दल नाही. जागेचं २००१ च्या कत्तलखाना नियमांत आहे: नगरपालिका हद्दीत मान्यताप्राप्त किंवा परवाना असलेल्या कत्तलखान्याशिवाय जनावर कापायचं नाही. गाभण जनावर नाही, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू नाही, पशुवैद्यकाने योग्य ठरवल्याशिवाय कुठलंच नाही. 'घरच्या खाण्यापुरतं' अशी सवलत त्यात नाही. म्हणून ईदसाठी पालिका तात्पुरत्या जागा नेमते, त्यांचा फायदा घ्यावा. मुंबईत तर २०१९ मध्ये हायकोर्टाने फ्लॅटच्या आत कुर्बानीला परवानगी देऊ नका असं पालिकेला बजावलं. चौथ्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून रक्त वाहून न्यायचं, याला मी तरी इबादतीची शान म्हणणार नाही. गावाकडे हा नियम जसाच्या तसा लागत नाही, पण ग्रामपंचायतीला आधी विचारलेलं बरं. गायीच्या कत्तलीवर राज्यात आधीपासूनच बंदी होती, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर ती २०१५ पासून आहे, हे सर्वांना ठाऊक आहेच.

इंग्लंडला राहणाऱ्या नातेवाइकांकडून ऐकलेल्या गोष्टी इथे लावू नयेत. तिथे स्वतःचं जनावर स्वतःच्या कुटुंबासाठी घरी कापता येतं, पण आधी बेशुद्ध करून. बेशुद्ध न करता जबह करायचं तर तिथेही मान्यताप्राप्त कत्तलखान्यातच जावं लागतं.

एका विद्यार्थ्याच्या अम्मीने मला विचारलं, "टीचर, डॉक्टरचा शिक्का म्हणजे हलालचा शिक्का का हो?" प्रश्न साधा नाही. उत्तर मात्र सरळ आहे: नाही. हलाल ठरतं ते अल्लाहचं नाव घेऊन नीट जबह केल्याने. डॉक्टर पाहतो ते वेगळं. जनावर जिवंत असताना चाल, डोळे, नाक, ताप, श्वास. जबहनंतर फेफडं, कलेजी, मानेतल्या व पोटातल्या गाठी. पण पवित्र कुरआनात अन्नासाठी 'हलाल' आणि 'तय्यब' हे दोन शब्द जोडीने येतात. नुसतं हलाल नाही, चांगलं, स्वच्छही. शिक्का या दुसऱ्या शब्दाच्या कामाचा आहे. शिवाय आपल्याकडेही निवड आहेच. उघड आजारी, उघड लंगडं, एका डोळ्याने आंधळं, हाडं निघालेलं जनावर कुर्बानीला चालत नाही, हे मदरशातलं पोरही सांगेल. जनावरासमोर सुरीला धार लावू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण ऐकत आलो. २००१ चे नियमही म्हणतात की एका जनावराच्या नजरेसमोर दुसरं कापू नये. मग नियमाचं नाव निघताच कपाळावर आठ्या का पडतात, मला कळत नाही.

अडचण वेगळीच आहे. त्याच नियमांप्रमाणे एका पशुवैद्यकाने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. कुर्बानीचे तीन दिवस धरले तर एका डॉक्टरमागे २८८. तुमच्या शहरात त्या तीन दिवसांत किती बकरे होतात, तुम्हीच मोजा. म्हणजे पुष्कळ जनावरांचं पोट उघडल्यावर डॉक्टर तिथे नसतो. पुरुष जबह करून, अंघोळ करून शीरखुर्म्याची वाटी घेऊन बसतात. कलेजी, दिल, गुर्दे, वजडी परातीत घालून आत येते, आणि ती पहिल्यांदा नीट पाहते ती घरातली बाई. खरी तपासणी तिथे होते.

तिने काय पाहावं? कलेजीवर किंवा फेफड्यात पाण्याने भरलेला पांढुरका फुगा दिसला तर तो कृमीचा असतो. कापताना कलेजीच्या नळ्यांतून पानाच्या आकाराचे चपटे किडे निघाले तर ते यकृतातले पर्णकृमी, पाणथळ कुरणात चरलेल्या जनावरांत आढळणारे. पू भरलेल्या गाठी अनेक ठिकाणी असतील तर सगळं बाजूला ठेवून पशुवैद्यकाला फोन करावा. थोडा भाग खराब असेल तर तेवढा कापून टाकतात, ते डॉक्टरला विचारून.

यातला पाण्याचा फुगा सर्वांत धोक्याचा, आणि तो खाल्ल्याने नव्हे. खराब भाग आपण उचलतो आणि दारातल्या कुत्र्याला टाकतो. सवाब समजून टाकतो. कुत्र्याच्या आतड्यात त्याचा बारीक पट्टकृमी होतो, अंडी विष्ठेतून मातीत, पाल्याभाजीवर, पोरांच्या हातावर येतात. माणसाच्या यकृतात, फुप्फुसात तोच फुगा वर्षानुवर्षं वाढतो. कित्येकदा शस्त्रक्रियाच करावी लागते.

आणखी एक. जनावर अचानक पडलं की "सुरी लाव, मुरदार होईल" म्हणून धावपळ होते. पैसे वाया जाऊ नयेत, हे समजतं. पण काळपुळी नावाचा रोग असाच झटक्यात मारतो, नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त येतं. त्या जनावराला सुरी लावायची नाही, कातडं सोलायचं नाही. त्या रक्ताने हातावर काळा फोड येतो, आणि इलाज न झाला तर जीवही जातो. डॉक्टर येईपर्यंत लांब राहायचं, पोरांना लांब ठेवायचं.

टाकाऊ भागासाठी ईदच्या आदल्या दिवशीच खड्डा खणून ठेवा, चांगला खोल, कुत्र्याला उकरता येणार नाही असा. वर चुना आणि माती. शहरात असाल तर पालिकेची गाडी कधी येते ते आधी विचारून ठेवा आणि तोवर पिशवी बांधून उंचावर ठेवा.