बीपी पडण्याची वाट कशाला पाहायची?

स्पायनल दिल्यावर टेबलावरची बाई "डॉक्टर, मळमळतंय" म्हणते, तेव्हा बीपी बहुधा पडलेले असते आणि कफ अजून फुगतच असतो. सिझेरियनमध्ये आधीच औषध दिले नाही तर निम्म्याहून अधिक जणींच्या बाबतीत हे घडते. तरीही मेफेंटरमाइन भरून ट्रेमध्ये ठेवायचे आणि आकडा ९०च्या खाली गेला की द्यायचे, ही रीत अनेक ओटींत चालूच आहे.

कोणाचे बीपी पडेल हे आधी ओळखण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. जपानमधल्या २०१३च्या एका अभ्यासाने स्पायनलपूर्व परफ्युजन इंडेक्स ३.५च्या वर असेल तर सावध व्हा, असे सुचवले. आकडा पल्स ऑक्सिमीटरवरच दिसतो, म्हणून मोहही पडतो. पण गार ओटीत, धास्तावलेल्या बाईच्या बोटावर तो स्थिर राहत नाही. शिवाय 'धोका कमी' ठरलेल्यांचेही बीपी पडतेच. मग औषध भाकितावर का अडवून ठेवायचे? आमच्या मते भाकिताचा खरा उपयोग मात्रा ठरवताना आहे. उदाहरणार्थ, प्रीएक्लॅम्प्सियात बीपी तुलनेने कमी पडते. तिथे हात आखडता ठेवावा.

२०१८च्या आंतरराष्ट्रीय सहमती-निवेदनाने प्रतिबंधक औषध सर्रास द्यावे असेच म्हटले आहे. स्पायनल होताच फिनाइलएफ्रिन मिनिटाला २५ ते ५० मायक्रोग्रॅम सुरू करायचे आणि सिस्टॉलिक मूळ आकड्याच्या ९० टक्क्यांवर राखायचे. सोबत वेगाने सलाइन. केवळ सलाइनवर भिस्त ठेवणे मात्र पुरेसे नाही. एफेड्रिन वार ओलांडून बाळाचा पीएच उतरवू शकते, म्हणून ते मागे पडले.

खरी अडचण फिनाइलएफ्रिनच्या अ‍ॅम्प्यूलची. दहा मिलिग्रॅमची एक मिली १०० मिलीपर्यंत पातळ केली की मिलीला १०० मायक्रोग्रॅम होतात; म्हणजे पंपावर तासाला १५ ते ३० मिली. पातळ करताना शून्य चुकले तर दहापट डोस जातो, तेव्हा दुसऱ्या माणसाने पाहावे आणि बाटलीवर लेबल लावावे. पंप नसेल तर स्पायनलनंतर लगेच ५० ते १०० मायक्रोग्रॅमचे बोलस सुरू करता येतात. बाळ बाहेर येईपर्यंत कफ मिनिटा-मिनिटाला लावावा. पाच मिनिटांचे सेटिंग इथे निरुपयोगी.

आणि नाडी साठखाली उतरली, बीपी मात्र टिकून असेल, तर अ‍ॅट्रोपिनकडे हात जाण्याआधी पंप थांबवा.