पंपाच्या चिठ्ठीवर निकोटिनचा गमही लिहा

दम्याचा पंप घ्यायला आलेल्या माणसाच्या खिशात विडीचं बंडल दिसणं, हे सोनईतल्या माझ्या औषधाच्या दुकानात रोजचंच आहे. धूर चालू राहिला की रोज घ्यायच्या स्टेरॉइडच्या पंपाचा गुण कमी येतो. मग धाप लागली की निळा पंप ओढायचा, तो लवकर संपतो, आणि ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून तक्रार येते.

गळीत हंगामात एका अण्णांचा पुण्यात नोकरी करणारा मुलगा व्हेप घेऊन आला. “काका, इंग्लंडात सरकारच देतं म्हणे. अण्णांना चालेल का?”

त्याचं ऐकणं खोटं नव्हतं. इंग्लंडने २०२३ मध्ये सिगारेट सोडवण्यासाठी मोफत व्हेप द्यायची योजना जाहीर केली. व्हेपमध्ये तंबाखू जळत नाही, त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड विडीच्या मानाने नगण्य. पण ती वाफही दमेकऱ्याच्या श्वासनळ्यांना झोंबू शकते. शिवाय २०१९ च्या कायद्याने आपल्याकडे व्हेपची विक्री, आयात, साठा सगळंच बंद आहे. चोरून आलेल्या त्या नळीत काय भरलंय, हे कोण तपासणार? मी नको म्हटलं.

मात्र नुसतं ‘नको’ म्हणून अण्णांची तलफ जात नाही. पोरांना नवं व्यसन लागू नये म्हणून बंदी हवीच. पण जळणारी विडी टपरीटपरीवर मिळते आणि ती सोडायचं औषध सरकारी दवाखान्यात सहज हाती पडत नाही, याचा मला संताप येतो. निकोटिनचा गम २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मग दमेकऱ्याच्या चिठ्ठीवर पंपाखाली तो का लिहिला जात नाही?

आणि तो खायचा कसा, हेही कुणी सांगत नाही. लोक तो चघळून चघळून रस गिळतात, उचक्या लागतात, पोटात जळजळतं, की गम कचऱ्यात. अण्णांना म्हटलं, दोन-चारदा सावकाश चावा, जिभेला चुरचुरलं की तंबाखूसारखा गालात धरून ठेवा. निकोटिन तोंडातूनच अंगात जातं. त्यांना लगेच उमगलं. जेवणानंतरची विडी अजून सुटलेली नाही, बाकीच्या कमी झाल्यात.

एवढं समजवायला दोन मिनिटं लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात पंप देताना ती द्यावीत, गमचा साठा तिथेच ठेवावा. फोनवर मोफत सल्ला हवा असेल तर १८००-११-२३५६ हा नंबर आहे. तो विडीच्या बंडलावरच छापलेला असतो.