गर्द सुटतानाचा त्रास हे नाटक नव्हे

वस्तीतला मुलगा गर्द ओढतो हे कळले की घरचे पहिले काय करतात? खोलीला बाहेरून कडी घालतात. चार दिवस तडफडला की सुधारेल, अशी समजूत. कोणी पाचवे शील ऐकवतो, कोणी बाबासाहेबांची आठवण देऊन लाजवतो. शील मलाही प्रिय आहे, पण त्या चार दिवसांत पोराच्या शरीरात काय चालते ते आधी बघा.

मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा इवलासा पुंजका असतो. संकट आले की तो नॉरॲड्रिनलिन सोडून सगळ्या शरीराला सावध करतो. गर्द या पेशींना दाबून ठेवते. रोज दाबल्या गेल्याने त्या आतून जास्त जोर लावू लागतात. डोस चुकला की दाब निघतो, जोर तसाच राहतो. मग घाम, अंगावर काटा, छातीत धडधड, झोप गायब. जुलाब, उलट्या, गळणारे नाक, ठणकणारी हाडे. मुले याला 'टर्की' म्हणतात. याच वेळी मेंदूतली ताणाची दुसरी रसायने, सीआरएफ आणि डायनॉर्फिन, वाढतात आणि मनात भीती व घुसमट भरते. हाडांचे दुखणे माणूस एक वेळ सोसेल. ही घुसमट त्याला पुन्हा पुडीकडे नेते. याला 'मनाचा कच्चा' म्हणणे मला पटत नाही.

यावर औषध आहे. क्लोनिडीन ही मूळची रक्तदाबाची गोळी नॉरॲड्रिनलिनचा जोर कमी करते. ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली ठेवतात. गर्द जिथे चिकटते तिथेच ते बसते, पण नशेचे चढउतार होऊ देत नाही. 'एक नशा सोडून दुसरी' असे आपलेच कार्यकर्ते म्हणतात, आणि पोरगा गोळी मध्येच सोडतो. दोन्ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची, हे वेगळे सांगायला नको.

कोंडण्याचा मोठा धोका तर कडी उघडल्यावर असतो. काही दिवस खंड पडला की शरीराची सवय मोडते. मग पोराने जुन्याच मापाने ओढले, टोचले, तर श्वास थांबू शकतो. 'सुटली होती हो त्याची,' असे मयताला आलेले लोक म्हणतात.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाशी निगडित मानसिक आजारही येतात, आणि रुग्णाला साखळीने बांधायला त्यात मनाई आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाईन १४४४६ आहे, फोनला पैसे पडत नाहीत. विहाराच्या फळ्यावर वंदनेच्या वेळेखाली हा नंबर लिहायला कितीसा खडू लागतो?