हात मिळवणारी घरे

हिशेबनीसांच्या एका परिषदेनिमित्त चीनमधील शेनझेनला जाणे झाले. परिषदेत नेहमीचीच भाषणे. तिसऱ्या दिवशी मेट्रोत बसून शहर पाहिले. १९८० साली विशेष आर्थिक क्षेत्र झाले तेव्हा हे सीमेवरचे छोटे गाव. २०२० च्या जनगणनेत लोकवस्ती पावणेदोन कोटींवर! ५९९ मीटरची पिंगआन इमारत बघून मान अवघडली.

मन अडकले ते मागच्या गल्लीत. जुन्या शेतकऱ्यांनी मजल्यावर मजले चढवलेली घरे इतकी चिकटून, की खिडकीतून शेजाऱ्याशी हात मिळवावा. नावही तेच पडले आहे! भाडे कमी, म्हणून कामगार इथेच राहतात. शहरातल्या निम्म्याहून अधिक लोकांकडे इथली ‘हुकोऊ’, म्हणजे कायम रहिवासाची नोंद नाही. त्यामुळे मुलांना सरकारी शाळा मिळणे कठीण. कित्येकांची मुले गावी आजी-आजोबांकडे. बायशिझोऊ ही मोठी वस्ती २०१९ मध्ये रिकामी करायला घेतली. मोबदला घरमालकांना, भाडेकरूंना खोली सोडण्याची नोटीस! आपल्या वस्तीत रेशनकार्डाचे अर्ज भरून देताना असे चेहरे मी रोज पाहतो.

नूडल्सच्या दुकानात एक पोर फळीवर गृहपाठ करीत होते. भांडी घासता घासता आई वहीत डोकावत होती. पोर इथे होते, एवढ्यानेच बरे वाटले.